पिऊन येणारी गाडी

माझं लग्न ट्रकवर अडलं होतं असं मी सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चेहरा एकदम गंभीर होतो. त्याला वाटतं, आता ही हुंड्याची गोष्ट काढणार. तसलं काही नाही. लग्न खरोखरच ट्रकवर अडलं होतं, आमच्या खिंडीतल्या तिसऱ्या वळणावर, भर उन्हात, बॉनेट उघडं टाकून.

आमचं गाव लोह्याच्या पुढं, डोंगराच्या डोक्यावर. खालच्या सडकेवरून वर यायला एकच रस्ता, खिंडीतला. माणसांनी भरलेली जीपसुद्धा तिथं कण्हत चढते. त्या वर्षी दुष्काळ असा की आमच्या पायऱ्यांच्या विहिरीत शेळ्या दुपारी सावलीला जाऊन बसायच्या. सरकारी टँकर यायचा, पण अर्धाच भरून, कारण पूर्ण भरला की खिंड चढायचा नाही. ते अर्धं टँकर पाणी गावाच्या पिण्याचं. त्यातलं तांब्याभरही आपल्या लग्नाला घ्यायचं नाही, हे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच सांगून टाकलं होतं.

अप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि तोंडात 'न्हाई'. लग्न नांदेडला कार्यालयात करू म्हटलं तर न्हाई. मांडव आपल्या दारात पडणार आणि सगळं गाव आपल्या दारात जेवणार. बरं, मग आधी दोन-चार खेपा आणून पाणी साठवू म्हटलं तर तेही न्हाई. गाव तहानलेलं असताना घरात पाणी झाकून ठेवायचं हे त्यांना जमणारं नव्हतं. कुणी घागर घेऊन दारात आलं की ते स्वतःच झाकण काढून देणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे पाणी लागणार ते लग्नाच्या दिवशी, एका खेपेत, भरल्या टँकरनं. धरणाजवळ टँकर भरायची रांगच एवढी असायची की दिवसाला दुसरी खेप मिळत नसे.

त्यांची रोजची लिंगपूजा मात्र पावसाच्या पाण्यानं व्हायची. पाऊस आला की अंगणात धुतलेलं धोतर चार टोकांनी बांधायचं, त्यातून गळणारं पाणी तांब्याच्या घागरीत धरायचं, आणि ते देवघरात वर्षभर पुरवायचं. लिंग तळहातावर घेऊन त्यावर चमचाभर पाणी, तेवढंच. त्या घागरीला आम्ही कुणी हात लावत नव्हतो. घशाला कोरड पडली तरी ते पाणी प्यायचं असतं हे आमच्या डोक्यातसुद्धा येत नसे.

आता नवऱ्याबद्दल. तेव्हा तो होणारा नवरा होता. उदगीरचा. स्वतःचा टर्बो इंजिनचा ट्रक होता आणि त्या ट्रकवर त्याचा इतका जीव, की मला बघायला आला तेव्हा पोहे गार होईपर्यंत ट्रकबद्दलच बोलत राहिला. ट्रकच्या मागं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं : 'होणारा जिल्हा – उदगीर'. उदगीर जिल्हा होणार, उद्या होणार, परवा होणार, अशी हवा तेव्हा सतत असायची. मी नांदेडला जुन्या मोंढ्याजवळ ठिबक सिंचनाच्या दुकानात काउंटरला बसायचे. अर्धापूरच्या केळीवाल्यांना नळ्या, फिल्टर, फॉगर विकायचे. माझी जीभ जरा तिखटच होती. त्याआधी आलेली स्थळं मी काही तरी बोलले म्हणून, नाही तर ते काही तरी बोलले म्हणून मोडलेली. ह्याला मी विचारलं, "हवेचा फिल्टर किती दिवसांनी साफ करता?" तो हातातली बशी ठेवून नीट, मनापासून उत्तर द्यायला लागला. मला तो तिथंच आवडला. फार आवडला. खोटं कशाला सांगू?

साखरपुडा झाला आणि त्यानं जाहीर केलं, की लग्नाच्या पाण्याची काळजी त्याच्यावर सोडावी. त्या उन्हाळ्यात ट्रकवर टाकी बसवून तो पाणीच वाहत होता. एक दिवस चाचणी म्हणून तो भरला टँकर घेऊन खिंडीत शिरला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर इंजिननं काळा धूर सोडला, उष्णतेचा काटा लालवर गेला, आणि गाडी मागं सरकायला लागली. लोकांनी धावत जाऊन चाकांखाली दगड लावले. शेवटी टाकीचा कॉक उघडून अर्धं पाणी सोडून द्यावं लागलं. दुष्काळात रस्त्यावरून पाणी वाहत चाललंय आणि बायका घागरी, पातेली, बादल्या, हाताला लागेल ते घेऊन त्याच्यामागं पळतायत! अप्पा वळणावर उभे होते. ते त्या पाण्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर! मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, पण ताट आपटून. गावाला विषयच मिळाला. जीपमध्ये बसले की कुणी ना कुणी म्हणायचंच, "उदगीर जिल्हा झाल्याबिगर तुझं लग्न लागत न्हाई बघ." मी म्हणायचे, जिल्ह्याचं मला काय घेणंदेणं, मला तालुक्यातच नांदायचंय.

आठवड्याभरानं त्याचा फोन आला. आवाजात असा आनंद, की मला वाटलं जिल्हा झाला.

"मी एक किट मागवलंय," तो म्हणाला. "बाहेरच्या देशात शर्यतीच्या गाड्यांना बसवतात. टर्बोच्या हवेत फवारा मारायचा. अर्धं पाणी, अर्धं स्पिरिट."

मग त्यानं समजावून सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. कोंबलेली हवा तापते. चढावर, आमच्या उन्हात तर फारच तापते, आणि तापलेल्या हवेनं इंजिनाचा दम जातो. त्या हवेत बारीक फवारा मारला की ती गार होते. स्पिरिट पटकन उडतं म्हणून आणखी गार होते, शिवाय ते जळून वर थोडा जोर देतं. मी म्हटलं, "म्हणजे केळीच्या रोपांवर मारतो तसं फॉगर." तो म्हणाला, "हाव. तसंच. तुम्ही रविवारी खाली याल का?"

रविवारी मी वहिनीला बरोबर घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेले. खाली सडकेला एक चहाचं हॉटेल आहे, त्याच्या लिंबाखाली ट्रक उभा होता. टर्बोकडून इंजिनाकडं जाणाऱ्या पाइपला त्यानं लातूरच्या गॅरेजात आधीच आतून आटे पाडलेली एक छोटी नळकांडी वेल्ड करून आणली होती. त्यात हरभऱ्याएवढा नोझल बसवायचा. एक छोटा पंप, एक नळी, मिश्रणाचा कॅन, आणि हवेचा दाब वाढला की पंप आपोआप चालू करणारा एक स्विच. शिवाय पंप चालू झाला की समोर हिरवा दिवा लागावा अशी त्यानं स्वतःच्या हौसेनं सोय केली होती. तो ट्रकखाली पडून वायरी ओढत होता आणि मी वरून नळीला क्लिपा लावत होते. वहिनी हॉटेलच्या बाकावर बसून चहा पीत आमच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "लोकं लग्नाआधी फिरायला जातेत. तुम्ही काय करून राहिले?"

मला विचाराल तर इतका सुंदर रविवार माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

पहिली चाचणी नुसत्या पाण्यावर घेतली. हॉटेलच्या बोअरचं पाणी. पाइपातून नोझल बाहेर काढून पंप चालू केला, तर असा धुक्यासारखा फवारा उडाला की आम्ही तिघंही ओरडलो. चहा संपेपर्यंत चालू ठेवला, तर धुक्याचे थेंब झाले आणि थेंबांची लाळ झाली. त्याचं तोंड पडलं. मी नोझल उघडून बघितलं, तर तोंडाशी पांढरी खरवड. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार लई. ठिबकच्या नळ्या ह्यानंच बुजतात, शेतकरी त्यासाठीच रोज दुकानात येऊन माझ्याशी भांडायचे. खरवडीला आंबट लागतं. मी इकडंतिकडं बघितलं आणि गाडीपुढं दृष्टीला बांधलेलं लिंबू सोडून घेतलं.

"अहो, दृष्टीचं हाय ते!" तो म्हणाला.

"दृष्ट लागायची ती लागलेलीच आहे," मी म्हटलं आणि लिंबू पिळून नोझल त्यात टाकला. थोड्या वेळानं तो लख्ख झाला.

नेमके तेव्हाच अप्पा खाली आले. लोह्याहून माल घेऊन परतत होते, ट्रक बघून जीपमधून उतरले. होणाऱ्या जावयानं वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगून टाकलं. अगदी सगळं. त्याला काही लपवता येत नाही, अजूनही येत नाही. कॅनमधलं स्पिरिटही दाखवलं. लातूरच्या ज्या छापखान्यात आमच्या पत्रिका छापायच्या होत्या, तिथं मशीनसाठी ते वापरतात. मालकानं आधीच आहेर म्हणून दिलेलं. अप्पांनी झाकण उघडून वास घेतला आणि मान मागं केली.

"ही दारू हाय."

"न्हाई मामा, प्यायची न्हाई. गाडीला घालायची हाय."

"म्हंजे गाडी पिणार."

"पिणार म्हंजे… अर्धं पाणी घालून."

"पाणी घालूनच पितेत सगळे," अप्पा म्हणाले. हॉटेलवाला फिदीफिदी हसायला लागला. अप्पा हसले नाहीत. "पाव्हणं, माझ्या दारात आजवर कुणी पिऊन आलं न्हाई. गाडी बी येणार न्हाई."

ते जीपमध्ये बसून निघून गेले. मला हसूही येत होतं आणि संतापही. एका बाजूला हे ट्रकवेडं माणूस, दुसऱ्या बाजूला तो न्हाईचा डोंगर, आणि मधोमध माझं लग्न!

त्या संध्याकाळी मी जेवताना आईला ऐकवत होते, पण खरं तर अप्पांनाच ऐकवत होते. नुसत्या पाण्यानंही गाडी चढेल म्हणतात, पण खात्री नाही. आणि नुसतं पाणी तरी आणायचं कुठून? बोअरचं घातलं तर खिंडीच्या मध्यावर नोझल बुजणार. तिथं पावसाच्या पाण्यासारखं मऊ पाणी लागतं, आणि पाऊस तर ह्या जन्मात परत पडेल असं दिसत नाही. सगळ्यांनी मिळून माझं लग्न होऊ द्यायचं नाही असंच ठरवलेलं दिसतंय. आई म्हणाली, "जेव आधी." अप्पा आमटी ओरपत राहिले.

दोन-तीन दिवसांनी दुकानाला कुलूप लावता लावता ते म्हणाले, "पाव्हण्यांना सांग. भरला टँकर एकदा वर येऊ दे. आला तर पत्रिका छापा. मी गाडीत बसणार."

मी आनंदानं फोनच करायला धावले. अप्पा एवढे नरमले कसे, हे मनात आलं, पण चांगलं चाललेलं असताना फार खोलात जाऊ नये.

ठरल्या दिवशी तो आदल्या संध्याकाळीच टँकर भरून पायथ्याला आला. मऊ पाणी हवं म्हणून नांदेडहून फिल्टरचा जार आणला होता; जेवताना चिडले तेव्हा हे मला सुचलंच नव्हतं. ते पाणी आणि स्पिरिट अर्धं-अर्धं करून त्यानं कॅन भरला आणि रात्री गाडीतच झोपला. सकाळी मी खाली पोचले तोवर अप्पा माझ्या आधी येऊन बसलेले. त्यांनी गाडीची पूजा केली होती. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, चाकापुढं नारळ फोडलेला. पूजा चालू असताना जावई हॉटेलमागं अंघोळीला गेला होता, तो ओल्या केसांनी आला आणि विभूती बघून त्याचे डोळेच भरून आले.

"मामा, तुम्ही…"

"बसा आता. ऊन व्हायच्या आत निघू."

केबिनमध्ये तिघं. मला नोझलसाठी घेतलं होतं, आणि अर्थातच अप्पा मधे बसले. एका बाजूला तो, एका बाजूला मी, आणि मधे मांडीवर पिशवी घेऊन, पाठ ताठ ठेवून अप्पा. लग्नाआधी इतक्या जवळून आम्ही एकमेकांना कधी बघितलं नव्हतं, आणि आताही अप्पांच्या टोपीवरूनच बघत होतो.

गाडी खिंडीला लागली. पहिल्या वळणाआधीच हिरवा दिवा लागला आणि पायाशी पंप गुणगुणायला लागला. दुसऱ्या वळणावर त्यानं गियर उतरवला. मागं टाकीत पाणी डुचमळत होतं, त्याचा धक्का पाठीला जाणवायचा. वर कठड्यावर सगळं गाव उभं होतं. बायका घागरी घेऊनच आल्या होत्या, म्हणजे गाडी अडली तरी त्यांचं नुकसान नव्हतं. तिसरं वळण आलं. इंजिनचा आवाज जाड झाला, वेग माणसाच्या चालण्याएवढा झाला, आणि मी दिव्याकडं बघत दातांखाली ओढणी धरली. अप्पा डोळे मिटून 'ॐ नमः शिवाय' म्हणत होते. मी पण म्हणायला लागले. मग तोही. तिघांचा आवाज एकात एक मिसळला आणि त्यावर इंजिन घरघरत होतं. काटा लालच्या कडेला टेकला आणि तिथंच थांबला. गाडी थांबली नाही! वळण मागं पडलं आणि समोर एकदम आभाळ दिसलं. गाव ओरडत होतं, पोरंसोरं गाडीपुढं पळत होती, आणि मी अप्पांच्या डोक्यावरून हात लांब करून होणाऱ्या नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला.

"बघितलं मामा?" तो हॉर्न वाजवत ओरडला. "बघितली स्पिरिटची ताकद?"

"लई ताकद हाय," अप्पा म्हणाले.

ते पाणी अप्पांनी त्याच दिवशी सगळ्या गावाला वाटलं. कॉकपाशी स्वतः उभे राहून, कुणाची घागर अर्धी राहू न देता. जावयाला तर लोकांनी खांद्यावरच घेतलं. मी तेवढ्यात नोझल तपासायला बॉनेटखाली गेले. नोझल स्वच्छ होता, खरवडीचा कणसुद्धा नाही. मग मी कॅनचं झाकण उघडलं. तळाला थोडं उरलं होतं. वास घेतला. वासच नव्हता. बोट बुडवून जिभेला लावलं. मऊ, थोडं तांब्याच्या चवीचं पाणी.

मी धावत घरी गेले. देवघरात तांब्याची घागर पालथी घालून ठेवलेली होती, आणि कोरडी होती. हॉटेलवाल्यानं नंतर सांगितलं, की पूजेच्या वेळी कॅनमधलं ते स्पिरिट हॉटेलजवळच्या बाभळीच्या बुडाशी ओतून, अप्पांनी पिशवीतल्या डब्यातून आणलेलं पाणी त्यात भरलं होतं, म्हणजे ह्याच घागरीतलं.

लग्न झालं. आमच्याच दारात, भरल्या टँकरवर, सगळं गाव जेवून, हात धुऊन आणि वर पाहुण्यांच्या अंघोळी होऊन. लग्नाआधीच मी त्याला खरं सांगितलं. लग्नाच्या दिवशी त्यानं कॅनमध्ये नुसतं जारचं पाणी घातलं, आणि कुणी विचारलं की सांगायचा, "गाडीनं सोडली." उदगीरचा जिल्हा मात्र अजून व्हायचाच आहे.

पण मला लग्नापेक्षा जास्त आठवते ती खिंड चढल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. अप्पा न्हाऊन पूजेला बसले होते. मी दाराआड उभी होते. त्यांच्यासमोर स्टीलच्या तांब्यात कालच्या टँकरचं पाणी होतं, गढूळसं, धरणाचं. त्यांनी लिंग तळहातावर घेतलं आणि चमचाभर पाणी त्यावर सोडलं. मला राहवलं नाही. मी आत जाऊन त्यांच्याशेजारी बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं ते मी पुसलंही नाही.

"अप्पा, हे पाणी चालतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दुसरा चमचा भरला.

"पाव्हण्यानं वर आणलंय," ते म्हणाले. "चालतंय."